कोकणातील कौलारू घरांच्या छपरास येणारा बाक : कारणमीमांसा व दुरुस्ती

प्रस्तावना

कोकणातील उतरत्या छपराचे घर ही तेथील पावसाची निर्मिती होय. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर यंत्रावर दाबलेली कौले किनारपट्टीवर रूढ झाली व नळीची कौले हळूहळू मागे पडली. अशा घराच्या आढ्याला अथवा पाख्याला बाक आला की सर्वसाधारणपणे कौलांना दोष दिला जातो. वस्तुतः दोष कौलांखालच्या लाकडात व त्याच्या सांध्यांत असतो.

कारणमीमांसा

मंगळुरी कौले व रिपा यांचा भार दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो धरला जातो. हा भार रिपांवरून वाशांवर, वाशांवरून आढ्यावर व भिंतींवर उतरतो. वाशाचे वाकणे त्याच्या लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते आणि खोलीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात घटते. त्यामुळे १० सेंटिमीटर खोलीचा वासा वाळवीने पोखरून ८ सेंटिमीटर उरला, तर त्याचे वाकणे जवळजवळ दुप्पट होते. शिवाय सततच्या भाराखाली लाकूड वर्षानुवर्षे सावकाश वाकत राहते. ओले लाकूड वापरले असल्यास हे अधिकच घडते.

दुसरे कारण तुळईशी संबंधित आहे. वासे दोन्ही भिंतींना बाहेर ढकलतात. तुळई त्यांना बांधून धरते. अनेक घरांत तुळईवर उभारलेल्या आखूड खांबावरच आढेही टेकलेले असते. माळ्यावर डोके आपटते म्हणून तुळई कापणे हा प्रकार दुर्दैवाने विरळा नाही. परिणामी भिंती वरच्या टोकास बाहेर झुकतात व आढे खाली येते.

तथापि मूळ शत्रू पाणीच होय. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की त्यास बुरशी लागते. भिंतीत पुरलेली तुळईची टोके प्रथम कुजतात. जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास आतील ओल बाहेर पडत नाही व ही कूज वेगाने वाढते. बाक आला की त्या जागी उतार कमी होतो, कौलांच्या सांध्यांतून पाणी आत शिरते आणि तेच पाणी बाक वाढविते. पूर्वी पावसाळ्यापूर्वी होणाऱ्या शाकारणीत फुटके कौल बदलले जाई. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर्षातून एकदा प्रत्येक वासा कोणाच्या तरी नजरेखालून जात असे. शाकारणी करणारे हात गावांतून कमी झाले तशी ही तपासणीही खंडित झाली.

दुरुस्ती

प्रथम बाक वाढतो आहे की स्थिरावला आहे, हे ताणलेल्या दोरीने काही महिने मोजून ठरवावे. जुन्या, सुक्या व निरोगी लाकडाचा स्थिर बाक सरळ करण्याचा अट्टाहास अनावश्यक आहे. बाक वाढत असल्यास पावसाळा संपल्यावर कौले उतरवून भार हलका करावा. दोन्ही पाख्यांची कौले समतोलाने उतरवावीत. एकच बाजू मोकळी केल्यास छप्पर कलते. नंतर भक्कम जमिनीवर टेकू देऊन आढे दररोज काही मिलिमीटर इतक्याच गतीने उचलावे. घाईने उचलल्यास सांधे फाटतात व भिंतीस तडे जातात.

वाकलेल्या वाशालगत तेवढ्याच खोलीचा नवा वासा बोल्टने जोडता येतो. तुळईचे कुजलेले टोक मात्र निरोगी भागापर्यंत कापून नवे लाकूड सांधावे, त्यावर वाळवीरोधक औषध लावावे आणि भिंतीत त्याच्या भोवती हवेसाठी पोकळी ठेवावी. कापलेली तुळई परत बसविणे शक्य नसेल, तर दोन्ही भिंतींवरील आडव्या लाकडांना जोडणारी लोखंडी सळई ताणून बसवावी. भिंती झुकलेल्या असताना हे काम स्थापत्य अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. कौले काढून पत्रे घालणे स्वस्त पडते. परंतु भार हलका झाला तरी कुजलेले टोक तसेच राहते आणि हलके छप्पर वादळी वाऱ्यात उचलले जाण्याचा धोका वाढतो. २०२० च्या जूनमधील निसर्ग चक्रीवादळात रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील असंख्य घरांची छपरे उडाली, ही बाब येथे विचारात घ्यावी लागते.