काल काय जेवलात?

"काल काय जेवलात?" हा प्रश्न आपण एकमेकांना सहज विचारतो आणि मिळेल ते उत्तर तितक्याच सहजपणे स्वीकारतो. परंतु आहारशास्त्रातील संशोधनाचा मोठा भाग ह्याच साध्या प्रश्नावर उभा आहे, आणि तो विचारण्याची रीत शिकावी लागते. हे मला पुस्तकातून नव्हे, माझ्या वर्गातच उमगले.

सुरतेच्या मराठी शाळांत खानदेशातून यंत्रमागांवर आणि कापडाच्या गिरण्यांत कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले पुष्कळ असतात. एकदा सातवीच्या वर्गाला मी आदल्या दिवशीचा आहार वहीत लिहावयास सांगितला. जवळजवळ प्रत्येक वहीत वरण, भात, पोळी, भाजी, कोशिंबीर! मी समाधानाने सह्या केल्या. सुटी झाल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली होती. तिला मी सहज विचारले, "काल सकाळी उठल्यावर आधी काय केलंस गं?"

"पाणी भरलं, बाई. मग चहा आणि टोस्ट."

"मग?"

"शाळेत खिचडी खाल्ली."

"आणि रात्री?"

"एकच भाकरी होती. ती धाकट्याला दिली."

"मग वहीत वरणभात का लिहिलास?"

"पुस्तकात तसंच आहे ना, बाई."

त्या मुलीने मला फसविले नव्हते. मीच प्रश्न असा विचारला होता की त्याला पुस्तकी उत्तर यावे.

आहाराची पाहणी करणारे ह्या अडचणीशी फार दिवसांपासून झगडत आले आहेत. १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी एक लहानशी प्रयोगशाळा सुरू केली. पुढे १९५८ साली ती हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. ह्या संस्थेच्या देखरेखीखाली १९७२ साली राष्ट्रीय पोषण निरीक्षण विभाग स्थापन झाला. महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन्ही राज्ये त्याच्या पाहणीत होती. त्याचे कार्यकर्ते घरोघर जाऊन गेल्या चोवीस तासांत काय शिजले व कोणी किती खाल्ले हे विचारीत. "पोटभर" हे उत्तर तेथे चालत नसे. समोर ठराविक मापाच्या वाट्या ठेवून, कोणत्या वाटीने किती वेळा, असे विचारले जाई. आठवणही जेवणापासून नव्हे, तर दिवसाच्या क्रमाने काढावी लागते. उठल्यावर काय केले, मग काय केले, असे विचारीत गेले की मधला चहा, शेजारी मिळालेला लाडू आणि न मिळालेले जेवण ही सारी आपोआप पुढे येतात.

एवढ्यानेही काम संपत नाही. शंभर ग्रॅम तांदळाचा भात सुमारे अडीचशे ते तीनशे ग्रॅम होतो. म्हणून वजन कच्च्या धान्याचे की शिजलेल्या अन्नाचे, हे न लिहिल्यास सारा हिशेब चुकतो. ताटात टाकलेले अन्न वजा करावे लागते. दिवसही पारखून घ्यावा लागतो. आमच्या ख्रिस्ती घरांत उपवासकाळातील शुक्रवारी मांस शिजत नाही. शेजारी एकादशी असते, पलीकडे रमजान असतो. तेवढा एकच दिवस धरून त्या घराचा आहार ठरविणे म्हणजे गणपतीच्या दिवसांत जाऊन "हे लोक रोज मोदक खातात" असे लिहिण्यासारखे आहे. म्हणून एकापेक्षा अधिक दिवसांची नोंद घेतात, आणि कोणता पदार्थ आठवड्यातून किती वेळा खाण्यात येतो हेही वेगळे विचारतात.

अशा काळजीपूर्वक विचारण्याने काय हाती लागते, ह्याचे सुंदर उदाहरण पुण्याजवळचे आहे. १९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास आरंभिला. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो भरले. आईने किती उष्मांक व किती प्रथिने घेतली, ह्याच्याशी बाळाच्या आकाराचा ठळक संबंध दिसला नाही. पण ज्या स्त्रियांच्या खाण्यात दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा होती त्यांची बाळे आकाराने मोठी होती.

तर मग पालेभाजीनेच बाळ वाढते काय? संशोधकाने येथे थांबावयाचे असते. भाजी, दूध घेऊ शकणारे घर इतर बाबतींतही बरे असू शकते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ते पडताळण्यासाठी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून एक प्रयोग झाला. काही स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ, आणि इतरांना बटाटा-कांद्यासारख्या पदार्थांचा खाऊ देण्यात आला. कोणाला कोणता मिळावा हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविले होते. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सर्व स्त्रिया एकत्र धरता जन्मवजनात निश्चित फरक दिसला नाही. गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्यांत मात्र थोडी वाढ आढळली. अपेक्षेपेक्षा उत्तर लहान आले आणि तसेच ते छापले गेले. संशोधनाचा प्रामाणिकपणा तो हाच.

आता दुसरी पद्धत, लेखापरीक्षणाची. संशोधन विचारते, योग्य काय आहे? लेखापरीक्षण विचारते, जे योग्य म्हणून ठरले आहे ते घडते आहे काय? गुजरातेत शाळांतून दुपारचे जेवण १९८४ पासून मिळू लागले. आजच्या नियमाप्रमाणे सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे ग्रॅम धान्य व तीस ग्रॅम डाळ ठरलेली आहे. त्यातून सातशे उष्मांक व वीस ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. म्हणजे शंभर मुले जेवणार असतील तर तीन किलो डाळ पातेल्यात पडली पाहिजे. अन्न वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखावे असाही नियम आहे. परंतु चाखल्याने मीठ कळते, डाळीचे वजन कळत नाही. त्यासाठी तराजू पाहिजे, आणि पटावरची नव्हे तर पंगतीतली डोकी मोजली पाहिजेत.

मोजल्यावर कमतरता दिसली तर कारण शोधावे, सुधारणा करावी आणि काही दिवसांनी पुन्हा मोजावे. हे शेवटचे मोजणेच बहुधा राहून जाते. त्यावाचून लेखापरीक्षण म्हणजे नुसती फाइल. १९९४ च्या प्लेगनंतर, १९९५ साली सुरतेत महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना कचेरीतून उठवून रोज वस्त्यांत फिरावयास लावले. कालचा कचरा आज उचलला की नाही, हे रोज जागेवर पाहिल्यानेच शहर पालटले. २०२१ पासून शाळेच्या भोजनाचे सामाजिक लेखापरीक्षणही प्रत्येक जिल्ह्यात बंधनकारक झाले आहे. म्हणजे पालकांनाही पातेल्यापर्यंत येऊन पाहण्याचा आणि विचारण्याचा हक्क आहे.

श्रोतेहो, त्या मुलीच्या सांगण्याप्रमाणे आदल्या दिवशीचे तिचे खरे जेवण एकच होते, शाळेतली खिचडी. तिच्या वहीवर माझी सही होती, आणि त्या सहीने ती पोटभर जेवलेल्या मुलांत जमा झाली होती. तेव्हापासून मी मुलांना आहार लिहावयास सांगते तेव्हा सुरुवात "उठल्यावर आधी काय केलंत?" येथून करते, आणि पुस्तक मिटून ठेवावयास सांगते. वह्या आता पूर्वीइतक्या सुबक दिसत नाहीत. पण त्या वाचून कोणाच्या ताटात काय कमी आहे ते कळते. आपणही आपल्या घरी, आपल्या गल्लीतल्या शाळेत, एकदा असे विचारून पाहावे.