जिओफोन : बटणांच्या मोबाइलमधली वेगळी प्रणाली

जिओफोन दिसायला साधा, बटणांचा मोबाइल. त्याच्या आतले सॉफ्टवेअर मात्र जुन्या साध्या फोनांतले नाही आणि अँड्रॉइडही नाही. त्याचे नाव कायओएस. २१ जुलै २०१७ रोजी मुंबईत झालेल्या रिलायन्स इंडस्ट्रीजच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानी यांनी हा फोन जाहीर केला. फोन घेताना दीड हजार रुपये अनामत भरायची आणि तीन वर्षांनी ती परत मिळवायची, अशी योजना होती. इंटरनेट, व्हिडिओ आणि ४जी इतक्या कमी पैशांत देणारा फोन तोवर बाजारात नव्हता. त्यामुळे बीडसारख्या जिल्ह्यात ज्या घरांत टचस्क्रीन परवडत नव्हता, त्या घरांनाही इंटरनेटचा पहिला फोन घेण्याची वाट मिळाली.

या प्रणालीचे मूळ मोझिला या संस्थेत आहे. फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०११ मध्ये एक प्रकल्प हाती घेतला. फोनचा सगळा कारभार ब्राउझरच्या इंजिनावर चालवायचा आणि ॲप म्हणजे वेबपानाच्याच भाषेत लिहिलेला कार्यक्रम असावा, ही त्यामागची कल्पना. त्यातून फायरफॉक्स ओएस तयार झाली. भारतात ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने ती १,९९९ रुपयांच्या टचस्क्रीन फोनवर आणली. पण टचस्क्रीनच्या बाजारात अँड्रॉइडपुढे तिचा निभाव लागला नाही आणि डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने असे फोन विकणे थांबवण्याचे जाहीर केले. प्रणालीचा कोड खुला असल्याने तो वाया गेला नाही. कायओएस टेक्नॉलॉजीज या कंपनीने तो घेऊन बटणांच्या फोनसाठी नव्याने बसवला. टचस्क्रीनवर हरलेली प्रणाली बटणांवर चालली, कारण तिथे तिला अँड्रॉइडशी झुंजायचे नव्हते.

जिओफोनमध्ये ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण, २.४ इंचांचा पडदा, मागे २ आणि पुढे ०.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि २,००० एमएएचची बॅटरी होती. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर व्हिडिओ, गाणी आणि ब्राउझर चालतो, याचे श्रेय हलक्या सॉफ्टवेअरला जाते. पडद्याच्या तळाशी तीन शब्द दिसतात, त्यांच्याखाली तीन बटणे असतात आणि मधल्या बटणाभोवतीची कळ चारही दिशांना दाबता येते. ज्याने आधी साधा फोन वापरला आहे, त्याला नवे फार शिकावे लागत नाही. पाच क्रमांकाचे बटण दाबून धरले की संकटाचा संदेश पाठवण्याची सोयही कंपनीने जाहीर केली होती.

या गुणांचे मोल कपिलधारच्या वाटेवर नीट कळते. बीड तालुक्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगररांगेत कपिलधार आहे. तिथे धबधबा आहे आणि वीरशैव संत मन्मथस्वामींची संजीवन समाधी. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून, तसेच कर्नाटक आणि तेलंगणातूनही वीरशैव लिंगायत भाविक येतात, कित्येक जण दिंडीने पायी. अशा वाटेवर फोनकडून मोजक्याच अपेक्षा असतात : बॅटरी पुरावी, अंधारात टॉर्च लागावा, घामेजल्या हातानेही क्रमांक दाबता यावा. जिओफोन यांत उणा पडत नाही. छोट्या पडद्याला वीज कमी लागते. मागचे झाकण काढून बॅटरी बदलता येते, म्हणजे खिशात दुसरी भरलेली बॅटरी ठेवता येते. एफएम रेडिओ आणि मेमरी कार्डातली भजने यांना इंटरनेट लागतच नाही.

पण याच डोंगररांगेत फोनची पहिली उणीव उघडी पडते. हा फोन जिओच्या ४जी जाळ्यावरच चालत असल्याने साधा आवाजी कॉलही त्यावरूनच जातो. जिओकडे २जी नसल्यामुळे सिग्नल क्षीण झाला की जुन्या जाळ्यावर उतरण्याची सोय राहत नाही. त्यात फोन जिओच्याच सिमला बांधलेला. डोंगराच्या आडोशाला दुसऱ्या कंपनीचा सिग्नल चांगला असला, तरी तिचे सिम यात घालून चालत नाही. फोन ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ या तीन पट्ट्यांवर चालतो. त्यांतला ८५०चा पट्टा सर्वांत लांब पोचतो, पण मध्ये उभी असलेली डोंगराची भिंत त्यालाही अडवते.

दुसरी उणीव भाषेची. फोनला २२ भारतीय भाषांचा आधार असल्याचे कंपनीने सांगितले होते. वाचायला मराठी पुरेशी चांगली दिसते. लिहिताना मात्र नऊ-दहा बटणांत सगळी बाराखडी कोंबलेली असते. एकेका अक्षरासाठी तेच बटण पुन्हापुन्हा दाबावे लागते आणि काना-मात्रेसाठी आणखी वेगळे. बोलून काम करून घेण्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये गुगल असिस्टंट आला, तो इंग्रजी आणि हिंदीतून. घरात मराठीच बोलणाऱ्या आजीला फोनशी हिंदीत बोलावे लागले. ज्याला टंकता येत नाही त्याच्यासाठीच ही सोय होती, म्हणून ही त्रुटी जास्त बोचणारी आहे.

तिसरी आणि सर्वांत मोठी उणीव ॲपची. अँड्रॉइडची ॲप कायओएसवर चालत नाहीत. प्रत्येक ॲप निराळे लिहावे लागते. व्हॉट्सॲपसुद्धा पहिल्या दिवसापासून नव्हते, ते सप्टेंबर २०१८ मध्ये आले. बँकांची, सरकारी योजनांची, शिक्षणाची बहुतेक ॲप अँड्रॉइड आणि आयफोनपुरतीच बनतात. मग उरतो ब्राउझर. त्यात एक बाण दिशेच्या बटणाने ढकलत न्यावा लागतो. यात्रेची तारीख पाहायची तर लांबलचक पान खाली सरकवत, बाण नेमका दुव्यावर आणून मधले बटण दाबायचे. शिवाय जिओफोनमधल्या आवृत्तीचे इंजिन २०१६ सालचे. त्यानंतर वेबपाने बदलत गेली, इंजिन तिथेच राहिले. त्यामुळे कित्येक पाने अर्धवट उघडतात किंवा उघडतच नाहीत, आणि जुन्या इंजिनात सुरक्षेच्या फटी बुजवल्या जाण्याची शाश्वतीही कमी होते.

दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारी सोय कशी जाते, तेही याच फोनने दाखवले. व्हॉट्सॲपने कायओएससाठी नवे डाउनलोड २०२४ मध्ये बंद केले आणि २०२५ च्या सुरुवातीला आधार पूर्ण काढून घेतला. फोनची बटणे, बॅटरी, स्पीकर सगळे शाबूत असताना त्याचे सर्वांत गरजेचे काम थांबले. दरम्यान जिओनेही वाट बदलली. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला जिओफोन नेक्स्ट हा अँड्रॉइडवर उभारलेल्या प्रगती ओएसचा टचस्क्रीन फोन होता, आणि त्याची किंमत ६,४९९ रुपये होती.

तेव्हा या फोनचे मोल कामावरून ठरते. बोलणे, टॉर्च, रेडिओ, गाणी आणि दिवसभर पुरणारी बॅटरी एवढीच गरज असेल, आणि राहत्या जागी जिओचा सिग्नल पक्का असेल, तर तो आजही उपयोगी आहे. विशेषतः वृद्ध माणसांना त्याची बटणे सोयीची पडतात. पैशांचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, सरकारी अर्ज किंवा व्हॉट्सॲप हवे असेल, तर जुना का होईना, अँड्रॉइड फोन घेणे बरे. निराळ्या प्रणालीचा कोणताही फोन घेताना तीन गोष्टी आधी पाहाव्यात : हवी ती ॲप त्यावर आज आहेत का, प्रणालीला अद्ययावत आवृत्त्या किती वर्षे मिळणार, आणि दुसऱ्या कंपनीचे सिम त्यात चालते का. पडदा, कॅमेरा आणि किंमत त्यानंतर पाहावी.