लाल दिव्याचा शेक आणि आपले डोळे

नवजात बाळाला कावीळ झाली की दवाखान्यात त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात. त्याआधी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. आपल्यातल्या बहुतेक आयांनी ही पट्टी पाहिलेली आहे. ती जरा सरकली की नर्सबाई लगेच येऊन नीट करतात. उजेडाने उपचार करायचा असला तर आधी डोळे झाकायचे, हा दवाखान्याचा साधा नियम आहे. घरी गुडघ्याला लाल दिवा लावताना मात्र हा नियम कोणालाच आठवत नाही.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यांत उभ्याने पाळी करणाऱ्या बाया आणि माणसं आपल्या वस्त्यांमध्ये आहेत. शेतात निंदण, वेचणीला जाणाऱ्याही आहेत. रात्री गुडघे, कंबर, टाचा बोलायला लागतात. फिजिओथेरपीसाठी रोज अमरावतीला जायचं तर गाडीभाडंही जातं आणि रोजीही बुडते. मग कोणीतरी स्टँडवाला लाल बल्ब आणतं आणि तो या घरातून त्या घरात फिरतो. आता त्यात मोबाईलवरून मागवलेले एलईडीचे लाल पट्टे, पॅनेल आणि तोंडावर बांधायचे मुखवटे आले आहेत. 'डोळ्याचं काय?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, 'काही नाही होत वं बाई, लाल उजेडच तं आहे!'

आमचं म्हणणं शेक घेऊ नका असं नाही. शेकाने आखडलेला स्नायू सैल होतो, थोडा वेळ बरं वाटतं. गुडघ्याची झीज त्याने भरून येत नाही, पण रात्री झोप लागली तरी कष्टकरी माणसाला ते कमी नाही. प्रश्न डोळ्यांचा आहे, आणि अडचण अशी की या दिव्याने डोळ्याला इजा होत असली तरी डोळा ते सांगत नाही.

वेल्डिंगचं काम करणारे भाऊ आपल्यात पुष्कळ आहेत. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिली की त्याच रात्री डोळ्यांत वाळू पडल्यासारखं होतं, पाणी गळतं, झोप येत नाही. ती इजा अतिनील किरणांनी डोळ्याच्या वरच्या काचेला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला होते. तिथे दुखण्याच्या नसा भरपूर असतात, म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी शहाणा होतो. लाल दिव्याचं तसं नाही. त्याचे किरण पुढची काच पार करून आत जातात, भिंगापर्यंत आणि मागच्या पडद्यापर्यंत. भिंगात दुखण्याच्या नसा नाहीत आणि मागचा पडदाही दुखत नाही. शिवाय हात तापला तर तिथलं रक्त उष्णता वाहून नेतं. भिंगात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे त्याला ती सोय नाही.

काचेच्या भट्टीसमोर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या मजुरांना लवकर मोतीबिंदू होतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इंग्लंडमध्ये हा कामामुळे होणारा आजार म्हणून नुकसानभरपाईच्या कायद्यात आला. ती भट्टी होती आणि ती वर्षांची गोष्ट होती. गुडघ्याला चार दिवस बल्ब लावल्याने कोणाला मोतीबिंदू होत नाही. पण तोच बल्ब तोंडासमोर वीतभर अंतरावर धरून रोज सर्दी-सायनसचा शेक घेतला, तर तो मोतीबिंदूला आमंत्रण देण्याचाच प्रकार आहे. तोंडाला लाल दिवा घरच्या घरी लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सर्दीला वाफारा पुरेसा आहे.

लाल बल्बची बहुतेक शक्ती दिसणाऱ्या उजेडात नसून न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. एलईडीच्या पट्ट्यांच्या खोक्यावर साधारण ६६० आणि ८५० असे आकडे छापलेले असतात. पहिला दिसणारा लाल रंग, दुसरा जवळजवळ न दिसणारा. उजेड दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, बाहुली आकसत नाही, आणि किरण मात्र आत जात राहतात. खरं वाटत नसेल तर टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर, शक्यतो सेल्फीच्या कॅमेऱ्यासमोर, धरून बटण दाबा. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण पडद्यावर ठिपका लुकलुकताना दिसेल.

दुसरा प्रयोग लेकरांना आवडेल. अंधारात मोबाईलचा टॉर्च बोटांच्या मागे धरा. बोटं लालभडक दिसतात, कारण लाल उजेड मांसातून आरपार येतो. पापणी तर बोटापेक्षा कितीतरी पातळ. म्हणून 'डोळे मिटले की झालं' हे पुरेसं नाही. आणि जत्रेतला काळा चष्मा तर त्याहून वाईट ठरू शकतो. त्याने समोर अंधार होतो, अंधार झाला की बाहुली मोठी होते, आणि अवरक्त किरण अडवण्याची त्या प्लास्टिकची काही खात्री नसते.

उजेडाने पडदा जळतो ही दूरची गोष्ट राहिलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिकला गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या लेझरमुळे काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचं तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं. ही मुलं मिरवणुकीत होती, एवढंच. (आपल्या जयंतीच्या मिरवणुकीतही आता लेझर येतो. मंडळाच्या पोरांनी हे वाचावं.) लेझर आणि शेकाचा बल्ब एक नव्हे, लेझरचा झोत फार तीव्र असतो. पण काही लाल उपचारयंत्रांतही लेझरच असतो. चीनमध्ये मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून लाल उजेडात पाहायची यंत्रं घरोघरी गेली. २०२३ मध्ये 'जामा ऑप्थल्मॉलॉजी' या नियतकालिकात तिथल्या बारा वर्षांच्या एका मुलीची नोंद आली. पाच महिने यंत्र वापरल्यावर तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली होती. त्याच वर्षी चीनने ही यंत्रं सर्वात कडक नियंत्रणाच्या वर्गात टाकली. मुखवट्यांचंही तसंच. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने आपला लाल-निळ्या उजेडाचा न्यूट्रोजिना मुखवटा २०१९ मध्ये बाजारातून परत घेतला. डोळ्यांचे काही विशिष्ट आजार असलेल्यांना किंवा उजेड जास्त बाधेल अशी औषधं घेणाऱ्यांना इजा होऊ शकते, ही शंका त्यामागे होती. एवढ्या मोठ्या कंपनीला शंका आली, तर नाव-गाव नसलेल्या चारशे रुपयांच्या पट्ट्यावर आपण डोळे का टाकायचे?

मग करायचं काय? दिवा गुडघ्याकडे, आणि त्याची पाठ आपल्या तोंडाकडे. एवढं जमलं तरी निम्म्याहून अधिक काम झालं. मान-खांद्याला शेक घ्यायचा तर दिवा मागून लावावा. अंतर दीड-दोन फूट, वेळ पंधरा-वीस मिनिटं. अंतर निम्मं केलं तर अंगावरची तीव्रता दुप्पट होत नाही, जवळपास चौपट होते, म्हणून 'जरा जवळ घे' हा सल्ला मानू नका. शेक चालू असताना दिव्याकडे पाहत बसू नये, लागला आहे का ते पाहायलाही नाही. यंत्रासोबत उजेड अजिबात न येणाऱ्या वाट्या आल्या असतील तर त्या डोळ्यांवर लावा. नसतील तर गडद सुती कापडाच्या चार घड्या चालतील, पण कापड बल्बपासून लांब ठेवा, बल्ब पेट घेण्याइतका तापतो. एका खोलीच्या घरात लेकरू त्याच जमिनीवर खेळत असतं आणि लाल दिवा त्याला खेळण्यासारखा दिसतो. तेव्हा लेकराला बाहेर कोणाकडे तरी द्या, मगच बटण दाबा. पोल्ट्रीत पिल्लांना ऊब द्यायचा बल्ब काढून आणून शेकाला वापरू नका. तो टांगून ठेवण्यासाठी असतो, हातात धरण्यासाठी नाही.

साखरेचा आजार असलेल्यांचं दुखणं दुहेरी. पायाला बधिरपणा असेल तर चटका कळत नाही, आणि डोळ्याचा पडदा आधीच नाजूक झालेला असतो. संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी चालू असेल तर ती दीर्घकाळ घेतल्याने पडद्यावर परिणाम होऊ शकतो. गोळी मनाने बंद करू नका, डोळे तपासून घ्या. आणि सिकलसेल. विदर्भात हा आजार आदिवासींप्रमाणे आपल्या समाजातही आहे, आणि हातपाय ठणकले की सिकलसेलच्या लेकराला शेक देणारी घरं आम्हाला ठाऊक आहेत. हा आजार पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्याही बिघडवतो. दुखण्याच्या गडबडीत डोळ्यांची तपासणी राहून जाते. ती वर्षातून एकदा व्हायलाच हवी, लाल दिवा वापरा अथवा न वापरा.

शेकानंतर नजरेसमोर डाग राहिला, मधोमध काळं दिसू लागलं, रंग फिके वाटले किंवा दाराची सरळ चौकट वाकडी दिसली, तर शेक त्याच दिवशी बंद. चौकट एकेक डोळा झाकून पाहा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं उणं झाकून घेतो. अशा वेळी मध, गुलाबपाणी काही घालू नका. मेडिकलवाल्याने दिलेला थेंबही नको, त्यात स्टेरॉइड असलं आणि ते दिवसेंदिवस चालू राहिलं तर काचबिंदू होऊ शकतो. अमरावतीत इर्विनला, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयात, आणि अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात नेत्रविभाग आहे. तिथे 'पडद्याची तपासणी करायची आहे' असं सांगा आणि दिवा किंवा पट्टा कोणता, किती दिवस वापरला तेही सांगा. खोकं असेल तर सोबत न्या. बाहुली मोठी करायला थेंब घालतात, मग काही तास अंधूक दिसतं, म्हणून गाडी चालवत जाऊ नका, घरचं कोणी तरी बरोबर घ्या.