टरफल पेरून रोप उगवत नाही

पारशिवनी तालुक्यातल्या बचत गटांच्या बैठकीत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या लशीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "लस म्हणजे तोच विषाणू टोचायचा ना? मग पोरीला उलटं काही झालं तर?" प्रश्न रास्त आहे. म्हणून ही लस कशाची बनते, ते आज पाहू.

हा कॅन्सर जवळपास नेहमीच एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. शारीरिक संबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सर्रास आहे, की त्यावरून कुणाच्या वागणुकीवर बोट ठेवू नये. बहुतेकींच्या अंगातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या अंगात मात्र तो टिकतो आणि बऱ्याच वर्षांनी त्यातून कॅन्सर होऊ शकतो.

भुईमुगाची शेंग डोळ्यांपुढे आणा. वर टरफल, आत दाणा. विषाणूचं टरफल प्रथिनांचं असतं. त्यातलं मुख्य प्रथिन एल-१. त्याचे ३६० तुकडे जुळून कवच होतं. कवचाचं काम पेशीला चिकटायचं आणि आतला दाणा, म्हणजे विषाणूची जनुकं, पेशीत पोचवायचं. पेशींची वाढ बेलगाम करणारी ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं या दाण्यापासून तयार होतात.

लशीत दाणा नसतोच. नुसतं एल-१ प्रथिन तयार करतात आणि ते आपसूक जुळून पोकळ कवच बनतं. टरफल पेरून रोप उगवत नाही, तसा या लशीने एचपीव्ही होत नाही. दंड दुखतो, कधी थोडा ताप येतो. पण शरीर ते कवच ओळखायला शिकतं आणि खरा विषाणू आला की त्याला दारातच अडवतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. साधारण ७० टक्के कॅन्सरला कारण असणारे १६ आणि १८ हे दोन्ही प्रकार तिच्यात आहेत.

मात्र आधीच आत शिरलेल्या विषाणूला ही लस काढू शकत नाही. म्हणून ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींना द्यायची. आपल्यासाठी तपासणी. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांचा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये आला. ज्या गटाला एकदा एचपीव्ही तपासणी मिळाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी नसलेल्या गटापेक्षा जवळपास निम्मे होते.

सरकारी दवाखान्यात सौम्य आम्ल लावूनही तपासतात. पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण पुढची तपासणी करायची. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं, तर मात्र थांबू नका.

येत्या बैठकीत तिशी ओलांडलेल्या सगळ्यांची नावं लिहा, आशाताईंना तारीख विचारा आणि मिळून जा. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तिशीत तपासणी करायचीच आहे.