ग्राफीन : पाण्यातील विष पकडणारा कार्बन

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्यावरील आपला मानवी हक्क बजावला. तो लढा पाण्यापर्यंत पोहोचण्याचा होता. आज नळाचे वा बोअरचे पाणी दारी आले, तरी ते पिण्यायोग्य आहे काय, हा प्रश्न उरतोच.

शिशासारखे विष पाण्यात विरघळलेले असते. ते डोळ्यांना दिसत नाही, फडक्याने गाळले जात नाही आणि पाणी उकळल्यानेही जात नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसे नसावे. इतके सूक्ष्म विष पकडायचे कसे? या कामी शास्त्रज्ञ ग्राफीनकडे आशेने पाहत आहेत.

पेन्सिलीतील ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या असंख्य थरांची चळत. त्यातील एकच अणू जाडीचा थर म्हणजे ग्राफीन. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम व कोन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने हा थर सोडवला. त्यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. एक ग्रॅम ग्राफीनचे पृष्ठफळ गणिताने सुमारे २,६३० चौरस मीटर येते, म्हणजे जवळजवळ वीस कबड्डीची मैदाने!

या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट बसवले की ग्राफीन ऑक्साइड तयार होते. पाण्यात त्यावर ऋण विद्युतभार येतो. त्यामुळे शिशाचे धनभारित आयन त्याला चिकटतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. मात्र फ्लोराइड स्वतःच ऋणभारित असल्याने त्याला ही पूड सहसा दाद देत नाही. एकच औषध सर्व रोगांवर चालत नाही, तसेच हे आहे.

ही पूड इतकी बारीक असते की पाण्यातून परत काढणे अवघड जाते. म्हणून ती लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडशी जोडतात व चुंबकाने ओढून घेतात, किंवा वाळूच्या कणांवर तिचा थर देतात. मद्रास आय.आय.टी.चे प्रा. टी. प्रदीप व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली साध्या साखरेपासून असा थर वाळूवर चढवून दाखवला. त्याने पाण्यातील रंग व क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक काढता आले.

परंतु येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अधिशोषणाने विष नष्ट होत नाही, ते पाण्यातून पुडीत जाते. पूड आम्लाने धुतली तर ते आम्लात उतरते. मग ती पूड वा ते आम्ल कोण हाताळणार, कोठे टाकणार? हाताने मैला साफ करण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारात उतरणारी माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आपणास सांगावे लागत नाही. एकाचे पाणी शुद्ध करताना दुसऱ्याच्या हाती विष देणे, याला शुद्धीकरण म्हणता येणार नाही.

तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्ट पारखून घेण्यास सांगितले. आपणही ग्राफीनचे नाव पाहून भुलू नये. आपल्या पाण्यात नेमके काय आहे, ही पूड त्यातले काय पकडते, किती लिटरनंतर ती निकामी होते आणि नंतर कोठे जाते, हे चार प्रश्न विचारावेत. आपल्या विद्यार्थ्यांनी रसायनशास्त्र शिकावे ते असे प्रश्न विचारण्यासाठी आणि पुढे त्यांची उत्तरे प्रयोगशाळेत शोधण्यासाठी.