वेबअसेंब्ली प्रोफाइलिंग

वेबअसेंब्ली प्रोफाइलिंग म्हणजे वेबअसेंब्ली रनटाइममध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमचा वेळ त्याच्या कोणत्या फंक्शनमध्ये किती खर्च होतो, हे मोजण्याची प्रक्रिया होय. अनेक रनटाइममध्ये ही सोय मुळात बंद असते. ती चालू केल्याखेरीज संगणकावरील सर्वसाधारण मापनसाधनांना या फंक्शनांची नावे कळत नाहीत.

पार्श्वभूमी

वेबअसेंब्ली हे सी, सी++, रस्ट इत्यादी भाषांतील प्रोग्रॅम ज्यात रूपांतरित करता येतात असे बायनरी स्वरूप आहे. ५ डिसेंबर २०१९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने त्यास अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. ब्राउझरबाहेर ते चालवण्यासाठी वासमटाइम, वेबअसेंब्ली मायक्रो रनटाइम असे स्वतंत्र रनटाइम वापरले जातात.

नावांचा प्रश्न

लिनक्सवरील 'पर्फ' हे साधन प्रोसेसर कोणत्या पत्त्यावरील सूचना पार पाडत आहे, याची वारंवार नोंद घेते. हे पत्ते प्रोग्रॅमच्या फाइलमधील नावांच्या यादीशी ताडून फंक्शन ओळखले जाते. रनटाइम मात्र पुष्कळदा यंत्रभाषेतील सूचना ऐनवेळी थेट मेमरीत तयार करतो. त्यांची अशी फाइल नसल्याने अहवालात निव्वळ पत्ते उरतात आणि विलंबाचे कारण सापडत नाही. म्हणून नावांची माहिती रनटाइमनेच पुरवावी लागते.

पद्धती

* नकाशा फाइल : प्रत्येक ओळीत फंक्शनचा आरंभपत्ता, लांबी व नाव असते. पद्धत सोपी आहे; परंतु वेळेची नोंद नसल्याने मेमरीचा तोच भाग पुन्हा वापरला गेल्यास नावांची गल्लत होऊ शकते.
* जिटडंप : यात वेळेची नोंद व प्रत्यक्ष यंत्रसूचनाही साठवल्या जातात. त्यामुळे फंक्शनमधील एकेका सूचनेपर्यंत पोहोचता येते. मात्र मापनानंतर ही माहिती पर्फच्या नोंदींत मिसळण्याची जादा पायरी करावी लागते.
* अंतर्गत मापन : वासमटाइम स्वतःच ठरावीक अंतराने नमुने घेऊन फायरफॉक्स प्रोफायलरमध्ये उघडता येणारी फाइल तयार करू शकतो. नमुने ठरावीक ठिकाणीच घेता येत असल्याने निष्कर्ष काहीसे एकांगी होऊ शकतात.

वासमटाइममध्ये आज्ञा देताना पर्याय निवडून ही सोय चालू होते. वेबअसेंब्ली मायक्रो रनटाइममध्ये पर्फसाठीचा आधार रनटाइमची बांधणी करतानाच समाविष्ट करावा लागतो व चालवताना पुन्हा मागावा लागतो.

मर्यादा

आकार कमी करण्यासाठी वेबअसेंब्ली फाइलमधील नावांचा विभाग काढून टाकलेला असल्यास अहवालात फंक्शनांचे केवळ क्रमांक दिसतात. एक फंक्शन दुसऱ्यात सामावले गेले असल्यास त्याचा वेळ दुसऱ्याच्या नावावर जमा होऊ शकतो. शिवाय नोंदी ठेवण्याच्या कामालाही वेळ लागतो. त्यामुळे मापनाखालील प्रोग्रॅमचा वेग नेहमीच्या वेगाइतकाच असेल, असे गृहीत धरता येत नाही.