बोलून लिहा, पण वाचून पाठवा

आपल्यापैकी पुष्कळांची बोटे आता पूर्वीसारखी चालत नाहीत. कुणाचे सांधे संधिवाताने आखडले आहेत, कुणाचा हात कापतो, कुणाला फोनवरची बारीक अक्षरे दिसत नाहीत. हिब्रू बोलता येते, पण लिहायची म्हटली की हात अडतो. इकडे कुपत होलिमच्या डॉक्टरांना साधा प्रश्न विचारायचा किंवा नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी मागायची तरी हल्ली पुष्कळदा लिहूनच पाठवावे लागते. अशा वेळी बोलून लिहिण्याची सोय फार उपयोगी पडते.

गूगलच्या कीबोर्डवर मायक्रोफोनचे चित्र असते. ते दाबून बोलले की अक्षरे आपोआप उमटतात. मराठीत ही सोय 2017 पासून आहे; हिब्रूतही ती मिळते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा एकदा निवडावी लागते, ते काम नातवंडांकडून करून घ्यावे. बोलताना टीव्ही बंद ठेवा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि एका वेळी एकच छोटे वाक्य सावकाश बोला.

समजा आपण दिमोनात आहात आणि मुलगा बेर शेव्यात संगणकावर बसून आपला अर्ज भरतो आहे. त्याच्या संगणकाला आपला आवाज आपोआप ऐकू जात नाही, कारण तो आपल्यापाशी असलेल्या माईकवरच ऐकतो. यावर सोपा उपाय आहे. मुलाने गूगल डॉक्सचा एक कागद आपल्या फोनवर उघडून द्यावा. दोघांच्या फोनला आणि संगणकाला इंटरनेट असले म्हणजे झाले. आपण इथे बोललो की तीच अक्षरे थोड्याच वेळात तिथे त्याच्या पडद्यावर दिसतात. मुलाला मराठी वाचता येत नसेल तर आपण हिब्रूत बोलावे, किंवा त्याने गूगल ट्रान्सलेटवर भाषांतर करून घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितले, तर नर्सने ते आधी लिहून घ्यायचे, मग त्यांना वाचून दाखवायचे आणि त्यांनी ‘बरोबर’ म्हटल्यावरच द्यायचे, असा नियम असतो. फोनशी बोलतानाही तोच नियम पाळा. मशीनला शब्द ऐकू येतात, आजार कळत नाही. पाठवण्याआधी एवढे तपासा:

1. औषधाचे नाव. ते बोलू नका, डब्यावरून अक्षर अक्षर बघून लिहा. त्याहून बरे म्हणजे डब्याचा फोटो जोडा.

2. आकडा आणि माप. थायरॉईडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. तिथे मिलिग्रॅम उमटले तर मात्रा हजारपट झाली!

3. दीड, अडीच, पाऊण. भाषांतरात हे शब्द घोटाळा करू शकतात. ‘दीड गोळी’ न म्हणता ‘एक गोळी आणि आणखी अर्धी गोळी’ म्हणा.

4. ‘नाही’ हा शब्द. ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ यातला ‘नाही’ गळला, तर अर्थच उलटा होतो.

5. आपले घरगुती शब्द. ‘पायाला मुंग्या येतात’ याचे शब्दशः भाषांतर झाले, तर डॉक्टरांना वाटेल घरात मुंग्या झाल्या आहेत. ‘पाय बधिर होतो, टोचल्यासारखे वाटते’ असे सांगा. किती दिवसांपासून आणि दिवसातून किती वेळा, हेही सांगा.

डोळ्यांना वाचवत नसेल, तर घरातल्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. कुणीच नसेल, तर फोन करा. दवाखान्याच्या नर्सशी दोन मिनिटे बोलणे चुकीच्या निरोपापेक्षा केव्हाही चांगले.

अनोळखी माणसाने फोन करून ‘मी तुमच्या संगणकात शिरून दुरुस्ती करतो’ म्हटले, तर त्याला कोड किंवा पासवर्ड सांगू नका. तेऊदत झेहूतचा नंबर बसमध्ये बसून मोठ्याने बोलू नका.

आणि छातीत दुखत असेल, तोंड वाकडे झाले असेल, एकाएकी हातातली शक्ती गेली असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर काहीही लिहीत बसू नका. लगेच 101 वर मागेन दाविद अदोमला फोन करा. लिहिलेला निरोप डॉक्टर केव्हा वाचतील हे आपल्या हातात नसते, रुग्णवाहिका बोलावणे मात्र असते.